चौदाव्या दिवशी कोण येतं?

मरणाचं शास्त्र उज्जैनकरांना कोणी शिकवायला नको. चक्रतीर्थावरची आग विझत नाही, सिद्धवटावर कुठकुठल्या गावचे लोक पिंडदानाला येतात, रामघाटाच्या पायऱ्यांवर अस्थिकलश घेऊन बसलेलं एखादं कुटुंब रोज दिसतं. दहाव्याला काय लागतं, तेराव्याला काय, हे आपल्याकडे किराणा दुकानदारालाही पाठ असतं. नुसता दिवस सांगितला की तो पुड्या बांधायला घेतो. तेव्हा पहिल्या तेरा दिवसांबद्दल मी थोडंच बोलणार आहे. मला बोलायचंय ते चौदाव्या दिवसापासून पुढचं, आणि तेही एकाच प्रकारच्या घराबद्दल. ज्या घरचा माणूस फौजेत होता आणि तिरंग्यात लपेटून परत आला, त्या घराबद्दल.

मी एकतीस वर्षं बँकेत काउंटरवर काढली. तिथली एक गोष्ट पुढे सांगणार आहे, आणि त्यात चूक माझीच आहे. त्याआधी जरा साताऱ्याला जाऊन येऊ.

उज्जैनला बसून साताऱ्याची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण राणोजी शिंदे कण्हेरखेडचे, म्हणजे सातारा जिल्ह्यातलेच. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं, पुढे बायजाबाईंनी गोपाळ मंदिर बांधलं, आणि आपल्यापैकी कित्येकांचे खापरपणजोबा त्याच लष्करामागून कुठे पागेत, कुठे दप्तरात, कुठे मुदपाकखान्यात काम करत इथवर आले. दौलतरावांनी १८१० मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलवली. आपले लोक क्षिप्रेकाठीच राहिले, मराठीत हिंदी कालवत. (माझी बायको म्हणते, कालवत नाही, बुडवत.) तर साताऱ्याशी आपलं नातं जुनं आहे.

त्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे. लोक त्याला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान पडले. त्याच जिल्ह्यातलं पोगरवाडी हे कर्नल संतोष महाडिक यांचं गाव. जन्म १९७७ चा. शिक्षण साताऱ्याच्या सैनिक शाळेत. १९६१ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिक शाळा. पुढे ते २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये अधिकारी झाले. ही पलटण मुळात २१ मराठा लाइट इन्फन्ट्री होती, १९९६ मध्ये तिचं रूपांतर झालं, आणि तिचं टोपणनाव आजही ‘वाघनखं’ असं आहे. ईशान्येकडच्या बंडखोरांविरुद्धच्या ऑपरेशन ऱ्हायनोमधल्या कामगिरीबद्दल महाडिकांना २००३ मध्ये सेना पदक मिळालं. म्हणजे ज्या प्रकारच्या लढाईत त्यांचा शेवट झाला, ती त्यांना बारा वर्षं ओळखीची होती.

२०१५ मध्ये ते काश्मीरमध्ये कुपवाड्याला ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. राष्ट्रीय रायफल्स ही फौज १९९० मध्ये मुद्दाम या कामासाठी उभी केली. समोर खंदकात बसलेला शत्रू नाही. तो जंगलात आहे, वस्तीत आहे, कुणाच्या तरी माळ्यावर आहे, आणि आजूबाजूला साधी माणसं आहेत. जवान वेगवेगळ्या रेजिमेंटांतून ठरावीक मुदतीसाठी येतात. ४१ चं नातं मराठा लाइट इन्फन्ट्रीशी, म्हणजे कुपवाड्याच्या बर्फातसुद्धा मराठी कानावर पडणारी ही पलटण. त्या नोव्हेंबरात नियंत्रण रेषेजवळच्या हाजीनाका भागातल्या जंगलात अतिरेक्यांचा शोध दिवसेंदिवस चालला होता. १७ तारखेच्या चकमकीत कर्नल महाडिक गंभीर जखमी झाले आणि वाचले नाहीत. वय अडतीस.

पलटणीचा मुख्य अधिकारी मागे थांबून सूत्रं हलवू शकतो. त्यात कमीपणा नसतो. हे तरीही पुढे होते. त्याच वर्षी २७ जानेवारीला ४२ राष्ट्रीय रायफल्सचे कर्नल एम. एन. राय त्रालमध्ये पडले, तेही पुढे होते, आणि त्यांना युद्ध सेवा पदक जाहीर होऊन एकच दिवस झाला होता. एका वर्षात दोन कर्नल. त्यावरून या लढाईचा स्वभाव कळावा.

२०१६ च्या प्रजासत्ताक दिनी महाडिकांना शौर्यचक्र जाहीर झालं, मरणोत्तर.

इथे थोडं थांबतो, कारण पदकांच्या बाबतीत आपल्याकडे फार गोंधळ असतो. फलकांवर, भाषणांत, कधी कधी बातम्यांतही परमवीर, महावीर, शौर्य, कीर्ती सगळं एकाच टोपलीत टाकतात. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र ही शत्रूसमोर युद्धात दाखवलेल्या पराक्रमासाठी. अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ही प्रत्यक्ष युद्धाबाहेरच्या पराक्रमासाठी. बंडखोरांविरुद्धच्या कारवाया बहुतेक यातच येतात. ही दुसरी मालिका जानेवारी १९५२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिन्हींचं नाव अशोकचक्रच होतं, वर्ग पहिला, दुसरा, तिसरा. आजची नावं १९६७ पासूनची. ओळखायची सोपी खूण फितीवर असते: गडद हिरव्या फितीवर उभी केशरी रेघ एक असेल तर अशोकचक्र, दोन असतील तर कीर्तिचक्र, तीन असतील तर शौर्यचक्र. बोटभर कापडाचा तुकडा आहे तो. पुढच्या वेळी कुठल्या वीरमातेच्या घरी काचेच्या चौकटीत तो दिसला, तर रेघा मोजा आणि नाव बरोबर घ्या. तिनं ते नाव शंभरदा चुकीचं ऐकलेलं असतं आणि ती कुणाला सुधारत बसत नाही.

आणखी एक. प्रत्येक शौर्यपदकामागे एक प्रशस्तिपत्र असतं, ज्याला फौजेतले लोक सायटेशन म्हणतात. कुठे, कधी, काय घडलं, त्या माणसानं नेमकं काय केलं, हे त्यात मोजक्या ओळींत असतं. केंद्र सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर ती वाचायला मिळतात. पुण्यतिथीला आपण पाच पाहुणे बोलावतो, पाचही जण ‘मातीशी इमान’ आणि ‘रक्ताचा थेंब’ यावर बोलतात, आणि ज्याच्यासाठी जमलो त्यानं काय केलं हे सभा संपली तरी कुणाला कळत नाही. त्याऐवजी शाळेतल्या एखाद्या मुलीला उभं करून ते प्रशस्तिपत्र मराठीत किंवा हिंदीत वाचायला लावा. पाच मिनिटं लागतात. पाहुण्यांना नंतर पोहे-जिलेबी द्या, ते रागावणार नाहीत.

आपल्या जुन्या लोकांना हे कळत होतं. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर, देवळाच्या मागे वीरगळ उभे असतात. दगडाच्या खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाईही कोरलेल्या, कारण गाईंसाठी मेलेला वीर. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत. सगळ्यात वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलेला. बहुतेकांवर नाव नाही, पण कशासाठी मेला ते आहे. आपण आता उलटं करतो. नाव मोठ्या अक्षरांत, त्याच्याहून मोठ्या अक्षरांत फलक लावणाऱ्याचं नाव, आणि कशासाठी मेला ते कुठेच नाही.

वीरगळाच्या शेजारी कधी कधी दुसरा दगड असतो, सतीचा. कोपरात वाकलेला बाईचा हात, मनगटात बांगड्या. मी लहानपणी आजोळी तो पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी थांबा म्हणून हात दाखवतंय.

आता पहिल्या दिवसांबद्दल, थोडक्यात.

बातमी कळली की आपण पहिलं काय करतो? फोन काढतो आणि पुढे पाठवतो. फौज आधी घरच्यांना कळवते, मग नाव जाहीर करते, आणि या दोहोंत काही तास जातात. त्या तासांत तुमच्या गटात नाव फिरलं आणि शेजारची बाई भाजी निवडता निवडता त्याच्या आईला विचारून बसली, तर ते तुमच्या अंगठ्यानं केलेलं असतं. नाव अधिकृत होईपर्यंत थांबा. पेटी उघडल्यावरचा फोटो तर कधीच नको.

लहान मुलांचं चित्रण करू नका. कर्नल राय यांच्या अकरा वर्षांच्या मुलीनं रडत रडत सलाम ठोकून गोरखा पलटणीची रणघोषणा दिली, ते दृश्य सगळ्या देशानं पाहिलं, आपणही हळहळलो. ती तिची होती, तिच्या बापासाठी होती. पण तेव्हापासून दर अंत्ययात्रेत कुणीतरी चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन ‘बेटा, सॅल्यूट करो’ म्हणतो आणि चार जण मोबाइल वर धरतात. पोराला धड झोपही मिळालेली नसते. त्याला घरात न्या, दूध द्या.

आणि आईसमोर माइक धरून ‘अभिमान वाटतो ना?’ असं विचारू नका. ती हो म्हणते. दुसरं काय म्हणेल? मोकळेपणी रडायचीही सोय उरत नाही मग.

तिरंग्याबद्दल एक शंका पुष्कळ जण विचारतात. पार्थिवावर झेंडा असतो तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे. चितेत किंवा थडग्यात तो जात नाही; आधी काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. ती घडी घरी गेल्यावर तिचं काय करायचं हे घरच्यांवर सोडा. देवघरात ठेवतील, कपाटात ठेवतील, उशाशी घेऊन झोपतील.

आता माझी गोष्ट. साल सांगत नाही, शाखाही नाही. मालव्यातल्याच एका जवानाची बायको पासबुक भरून घ्यायला आली. बरोबर सासरे, डोक्याला साफा, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद. मी पासबुक मशीनला लावलं, ओळी उमटत गेल्या, शेवटची मोठी रक्कम दिसली, आणि मी भर रांगेत म्हणालो, ‘अरे वा, सरकारनं चांगलेच टाकले की!’ माझा हेतू वाईट नव्हता. मला वाटलं आनंदाची बातमी देतोय. रांगेतली आठ-दहा डोकी वळली. तिनं पासबुक ओढून पदराखाली घेतलं आणि एवढंच म्हणाली, ‘भैया, धीरे बोलिए.’ पुढच्या आठवड्यात तिच्या दारात दोन विमा एजंट आणि एक लांबचा दीर येऊन गेल्याचं मला नंतर कळलं. ती परत माझ्या काउंटरवर आली नाही. शेजारच्या खिडकीची रांग लांब असली तरी तिथेच उभी राहायची.

तेव्हापासून मी हे सांगत फिरतो: वीराच्या घरी पैशाचा विषय तुम्ही काढू नका. किती आले, कुणाच्या नावावर आले, जमीन मिळाली का, पंप मिळाला का, काहीच नको. तुम्हाला उत्सुकता असेल तर नियम वाचा, ते गुप्त नाहीत. अशा कारवाईत पडलेल्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, ते शेवटच्या पगाराइतकं असतं. शौर्यचक्राबरोबर महिन्याला मिळणारी रक्कम ऑगस्ट २०१७ पासून सहा हजार आहे, त्याआधी तीन हजार होती. सहा हजार रुपयांत आज उज्जैनमध्ये काय येतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

याच रकमेला एक अट चिकटलेली होती. वीरपत्नीनं दुसरं लग्न केलं तर ती बंद व्हायची. चालू राहायची ती फक्त नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तरच. ही अट सरकारनं नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली. सरकारनं काढली, पण मोहल्ल्यानं काढली का? चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी असते, आणि तिनं रंगीत साडी नेसली की गल्लीतल्या खिडक्या उघडतात. तिनं परत लग्न करावं की करू नये, हा तिचा प्रश्न. कुंकू लावावं की लावू नये, हाही तिचाच. २०२४ मध्ये कीर्तिचक्र स्वीकारायला राष्ट्रपती भवनात गेलेल्या एका तरुण वीरपत्नीच्या फोटोखाली लोकांनी इतकं घाण लिहिलं की राष्ट्रीय महिला आयोगाला पोलिसांकडे जावं लागलं. लिहिणारे कुठल्या परग्रहावरचे नव्हते. आपल्यासारखेच, संध्याकाळी फोन घेऊन बसलेले.

सून आणि सासू-सासरे यांच्यात वाद झाला, तर त्यात पडू नका. असे वाद होतात, आणि दोन्हीकडचं दुःख खरं असतं. म्हाताऱ्यांचा आधार गेलेला असतो. तिचं सगळं आयुष्य समोर पडलेलं असतं. २०२४ च्या जुलैत मध्य प्रदेश सरकारनं राज्याची मदत पत्नी आणि आईवडील यांच्यात निम्मी निम्मी वाटण्याचं जाहीर केलं. योग्य की अयोग्य यावर दोन तास चर्चा होऊ शकते, पण ती त्या घराच्या ओट्यावर बसून नको.

मग करायचं काय? कामाला जा. फौजेच्या घरी कागदांचं काम संपत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचा असेल तर सागरला. तिथल्या नोंदीत नाव एक, आधारवर दुसरं. आपल्या मराठी बायकांच्या नावाचं तर विचारूच नका: माहेरचं नाव, सासरचं नाव, मधे कधी वडील, कधी नवरा, आणि इंग्रजी स्पेलिंग ज्या कारकुनाला जसं सुचलं तसं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की पेन्शन अडकते. आता हे सगळं ‘स्पर्श’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेत गेलंय, दर वर्षी हयातीचा दाखला लागतो, आणि शेतात राबलेल्या म्हाताऱ्याच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. ज्याला हे जमतं अशी एक चुणचुणीत मुलगी किंवा मुलगा तुमच्या घरात नक्की आहे. महिन्यातून एक शनिवार त्याला त्या घरी पाठवा. जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात कुणीतरी सोबत जा. बँकेत सोबत जा, पण काउंटरवर ती बोलत असताना चार पावलं मागे थांबा. ओटीपी तुम्ही विचारू नका, आणि फोनवर विचारणाऱ्यालाही देऊ नका म्हणून तिला बजावा. वीरपत्नींना फसवणारे चोर असतात. त्यांना तारीख, नाव, रक्कम सगळं माहीत असतं, कारण आपणच ते गावभर केलेलं असतं.

७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. त्या दिवशी खिशाला कागदी झेंडा लावून दहा रुपये देण्याची आपल्याला सवय आहे. ती ठेवा. मी म्हणतोय ते उरलेल्या ३६४ दिवसांचं.

आता कर्नल महाडिकांच्या पत्नी स्वाती महाडिक यांच्याबद्दल. कर्नल गेले तेव्हा घरात दोन लहान मुलं होती. नवऱ्याचं पहिलं प्रेम पलटण आणि वर्दी होतं, तेव्हा ती वर्दी आपण घालायची असं त्यांनी ठरवलं. वयाची मर्यादा उलटून गेली होती, ती संरक्षण मंत्रालयानं शिथिल केली. परीक्षा, मुलाखती, चेन्नईच्या अकादमीतलं सुमारे अकरा महिन्यांचं कठोर प्रशिक्षण, शेजारी दहा-पंधरा वर्षांनी लहान मुली, आणि ९ सप्टेंबर २०१७ ला त्या लेफ्टनंट झाल्या. त्याच दिवशी, त्याच मैदानावर आपल्या मध्य प्रदेशातल्या सागरच्या निधी दुबेही अधिकारी झाल्या. त्यांचे पती नाईक मुकेश दुबे चकमकीत नव्हे, हृदयविकारानं गेले होते. पदक नाही, चौकातला फलक नाही, वृत्तवाहिन्यांच्या गाड्या नाहीत. फौजेत असताना असेही लोक जातात, आणि त्यांच्या घरी तर आपण तेरा दिवसही धड जात नाही.

मालव्यात राहून इथे अहिल्याबाईंची आठवण येणारच. खंडेराव होळकर १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या आणि सासरे मल्हाररावांनी त्यांना थांबवलं. पुढचा सगळा इतिहास, महेश्वरचे घाट धरून, त्या एका थांबवण्यामुळे आहे. पण मल्हाररावांनी थांबवल्यावर काय केलं ते विसरू नये: हिशेब शिकवले, तोफखाना दाखवला, कारभार सोपवला. थांब म्हणून नुसता हात दाखवून ते निघून गेले नाहीत.

आणि तरीही प्रत्येकीनं अहिल्याबाई किंवा स्वाती महाडिक व्हावं असं मनात धरू नका. मीरा रोडचे मेजर कौस्तुभ राणे ऑगस्ट २०१८ मध्ये गुरेझला पडले, त्यांच्या पत्नी कनिका राणे याही पुढे फौजेत अधिकारी झाल्या. अशा बातम्या वाचून आता लोक पंधराव्या दिवशीच विचारतात, ‘मग तुम्हीपण जाणार का आर्मीत?’ जाईल किंवा जाणार नाही. शिलाईचा क्लास काढेल, बीएड करेल, माहेरी जाईल, काहीच न करता दोन वर्षं खिडकीत बसून राहील. तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही.

फ्रीगंजमध्ये आपलं शहीद पार्क आहे. संध्याकाळी तिथे किती गर्दी असते! चाट खातो, मोर्चे काढतो, पोरांना खेळवतो. ते मला गैर वाटत नाही, उलट बरंच वाटतं. ज्यांच्या नावानं बाग आहे त्यांनाही पोरांचा गलका आवडला असता. खटकतं ते वेगळं. गावोगाव कमानी उभ्या राहतात, अर्धपुतळे बसतात, उद्घाटन होतं, आणि दोन पावसाळ्यांत अक्षरांचा रंग उडतो. कमान बांधायच्या आधी दरवर्षी रंग कोण देणार ते ठरवा. ठरत नसेल तर शाळेच्या वाचनालयाला त्याच्या नावानं पुस्तकांचं एक कपाट द्या. ते निदान रोज उघडलं जातं.

पासबुक पदराखाली घेणारी ती बाई मला परत भेटली ती निवृत्तीनंतर, दत्ताच्या देवळाबाहेर. ‘तुम्ही बँकेतले ना?’ म्हणाली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तिनं विषय बदलला आणि विचारलं, पेचकस वापरता येतो का. घरी ट्रंक होती. फौजी ट्रंक तुम्ही पाहिली असेल: काळा पत्रा, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव, पलटण. माणसाच्या मागून काही आठवड्यांनी ती येते, घडी केलेले कपडे, दाढीचं सामान, एखादं अर्धं राहिलेलं पत्र घेऊन. या ट्रंकेत आता मुलांचे स्वेटर होते, डांबराच्या गोळ्या होत्या, आणि तळाशी वर्दी. एका बाजूची बिजागरी निखळली होती, झाकण तिरकं बसायचं. चार महिने तशीच होती, कुणाला सांगायचं म्हणून राहिली होती.

मी मंगळवारी गेलो. रिव्हेट गेलेला होता, पेचकसाचं काम नव्हतंच ते; जुन्या गल्लीतल्या पत्रेवाल्याकडून दोन रिव्हेट आणले, तिथे हातोडी मागून घेतली, तीही परत करायची होती. सासऱ्यांनी झाकण धरलं, मी ठोकलं. मग चहा झाला. धाकट्याचं त्रैराशिक अडलं होतं, ते बघितलं. त्याची आकडेमोड बरोबर होती, फक्त रुपये-पैशांत घोळ होत होता. निघताना सासरे म्हणाले, पुढच्या मंगळवारी त्याची परीक्षा आहे, सोमवारी जमेल का? सोमवारी मला डॉक्टरांकडे जायचं होतं. रविवारी गेलो.